देजिमाचे कारकून

अंगावर जाड लोकरी कोट, डोक्यावर ऑगस्टचं ऊन, आणि कोट काढायची सोय नाही. आज तुम्ही कंपनीचे नोकर म्हणून नीटनेटके दिसायला हवेत. साल 1775. बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, निघून दोन महिने होत आले. दाढीत मीठ साचलंय, तळहातांना डांबर चिकटलंय, आणि पिंपातल्या पाण्याला असा वास सुटलाय की नाक दाबूनच घोट घ्यावा लागतो. निघाली होती दोन जहाजं. वादळात दुसऱ्याच्या डोलकाठ्या मोडल्या, ते मकावकडे वळलं. तुमचं ‘स्टॅवेनिस’ तेवढं इथवर पोचलंय.

समोर नागासाकीची लांब, चिंचोळी खाडी. दोन्ही बाजूंनी हिरव्या टेकड्या पाण्यापर्यंत उतरलेल्या. पहाऱ्याच्या चौक्या आल्या की तुमच्या तोफा सलामी देतात. दर धडाक्याला पायाखालची फळी हादरते, दारूचा धूर घशात जातो, डोळे चुरचुरतात. मग वारा पडतो. छोट्या होड्यांची रांग पुढे येते, त्यांचे दोर जहाजाला बांधले जातात आणि वल्हेकरी एका तालात ओरडत तुम्हाला आत ओढू लागतात. त्यांचा गलका थांबतो तिथे टेकड्यांवरच्या रातकिड्यांची किरकिर सुरू होते. भर दुपारी इतका आवाज, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

तुम्ही वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, कंपनीचे कारकून आहात. आपल्या वेंगुर्ल्यात ज्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून दिसतात, तेच हे वलंदेज. युरोपातल्या सगळ्या देशांपैकी जपानशी व्यापार करायची मुभा फक्त यांना आहे, आणि तीही या एकाच बंदरात. हॉलंडहून बटाव्हियापर्यंत सातआठ महिने, तिथून इथवर आणखी दोन. एवढ्या अंतरावरचे दोन देश एकमेकांना कसे ओळखत असतील, हा प्रश्न मनात असेल तर तो जरा बाजूला ठेवा. आधी तुमची झडती व्हायची आहे.

जपानी अंमलदार डेकवर चढतात. कमरेला दोन तलवारी, पायात पांढरे मोजे, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. यादी काढून प्रत्येकाचं नाव आणि वय वाचलं जातं. माणूस मोजला जातो. उद्या सकाळी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. खलाशांच्या पेट्यांतली बायबलं आणि प्रार्थनेची पुस्तकं गोळा करून एका पेटीत टाकतात आणि झाकणावर खिळे ठोकतात. ख्रिस्ती धर्माला या देशात पूर्ण बंदी आहे. ती पेटी जपान्यांच्या ताब्यात राहील आणि परत निघताना मिळेल. बारूदही उतरवली जाते.

मग सामानाकडे मोर्चा. लोण्याच्या पिंपात लोखंडी सळई खुपसून बघतात. चीजच्या गोल लाद्यांना मधोमध भोक पाडतात आणि आत आडवी-उभी सळई फिरवतात. अंड्यांचाही संशय येतो, बरीचशी फोडून पाहिली जातात. उन्हात फुटलेल्या अंड्यांचा वास लगेच वर येतो. एक हात तुमच्या कोटावरून, खिशांवरून, पोटऱ्यांवरून फिरतो. तो उद्धट नाही, पण घाईतही नाही.

एवढा कडकपणा कशासाठी, याचं उत्तर यंदाच्या कप्तानाकडे पाहिलं की मिळतं. आजवर जहाजाच्या कप्तानाची झडती होत नसे. म्हणून दर वर्षी कप्तान इथे पोचला की रुपेरी किनारीचा एक अफाट रुंद निळा रेशमी कोट चढवायचा, पोटावर भलीमोठी उशी बांधायचा आणि चोरट्या मालाने आतली जागा ठासून भरून दिवसातून दोनतीन फेऱ्या किनाऱ्यावर मारायचा. कधी कधी ओझं इतकं व्हायचं की दोन खलाशी त्याला बगलेत धरून चालवायचे. यंदा हुकूम सुटला: कोट बंद, कप्तानाचीही झडती. आणि साध्या कपड्यांतला, बेताच्या अंगाचा कप्तान शिडीवरून उतरताना बघून नागासाकीचे लोक चकित झालेत. वलंदेजांचे कप्तान जन्मानंच लठ्ठ असतात, अशी त्यांची पक्की समजूत होती!

आता उतरा. खाडीत भर घालून बनवलेलं हे देजिमा बेट, पंख्याच्या आकाराचं. एंगेलबर्ट केम्पफर नावाचा एक डॉक्टर ऐंशीपंचाऐंशी वर्षांपूर्वी इथे राहून गेला. त्याने ते पावलांनी मोजलं होतं: लांबी 236 पावलं, रुंदी 82. तुम्हीही मोजाल, आणि पुन्हा पुन्हा मोजाल, कारण परवानगीशिवाय पलीकडे जायचं नाही. एक समुद्राकडचा दरवाजा, तो जहाजं असली की उघडतो. एक गावाकडचा, तिथे छोटा दगडी पूल आणि कायमचा पहारा. पुलाशी पाटी लावलीय. कोणी आत यायचं नाही, याचे नियम तिच्यावर लिहिलेत. बायकांपैकी फक्त मारुयामा वस्तीतल्या गणिकांना आत यायला परवानगी आहे. कडेने उंच फळ्यांचं कुंपण, त्यावर लोखंडी टोकं. कुंपणापलीकडे गाव इतकं जवळ, की कोणाच्या तरी घरी मासा भाजत असल्याचं तुम्हाला कळतं. त्या घराचं दार मात्र तुम्ही कधी पाहणार नाही.

पण या कोंडवाड्यात जहाज रिकामं होऊ लागलं की जी धांदल उडते, ती बघण्यासारखी असते. साखर, साखर आणि साखर! जावामधल्या साखरेच्या गोण्या हमालांच्या पाठीवरून येतात, शिवणीतून भुरभुर सांडत. उघड्या पाठीवर घामात विरघळलेली साखर चमकते. दुपारपर्यंत तुमच्या चपला जमिनीला चिकटू लागतात आणि बेटावरच्या सगळ्या माश्या तराजूभोवती जमतात. साखरेपाठोपाठ लवंग, रंगासाठीचं पतंगाचं लाकूड, तलवारीच्या मुठींना गुंडाळायचं खरखरीत माशाचं कातडं, लोकरी बनात, आणि हिंदुस्थानातलं कापड.

त्या कापडाच्या गाठी सोडतात तेव्हा थोडं पुढे सरका. नीळ आणि मंजिष्ठेचा तो ओळखीचा वास येईल. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचं छापील कापड इथले शौकीन तुकड्या-तुकड्यांनी विकत घेतात आणि तंबाखूच्या बटव्यांना, चहाच्या भांड्यांच्या पिशव्यांना लावतात. एखाद्या बड्या अंमलदाराच्या घेरदार पायघोळाकडे नीट पाहा. पातळ, पट्ट्यापट्ट्यांचं रेशीम आहे ते. ही जात पहिल्यांदा पोर्तुगीज जहाजांतून आली, आपल्या अलिबागजवळच्या चौलहून, आणि जपानी लोक तिला अजून चौलच्याच नावानं ओळखतात. क्योतोच्या विणकरांनी तिची नक्कल करायला घेतली त्यालाही आता जवळपास शंभर वर्षं झाली. चौलच्या मागावरच्या त्या विणकराला आपलं गाव कुठवर पोचलंय याची कल्पना तरी असेल का?

ओसाका, क्योतो, साकाई आणि एदोचे, म्हणजे आजच्या टोकियोचे, व्यापारी माल बघायला येतात. कापड बोटांत चुरगाळतात, लवंग दाताखाली धरतात, साखर जिभेवर ठेवून डोळे मिटतात. मग बंद चिठ्ठ्यांवर बोली. चिठ्ठ्या फोडल्या जातात, सगळ्यांत वरचा भाव पुकारला जातो आणि घोळक्यातून एकदम हुंकार उठतो.

आणि बदल्यात काय? कापूर, लाखेची भांडी, आरिताची चिनी मातीची भांडी, पण मुख्य म्हणजे तांबं. बोटभर जाडीच्या, लालभडक कांड्या. त्या लाकडी खोक्यांत भरल्या जातात, एका खोक्यात साधारण साठ किलो. तराजूच्या एका बाजूला जपानी मोजणारा, दुसऱ्या बाजूला तुम्ही, हातात वही. तो आकडा पुकारतो. दुभाषी तो तुमच्या भाषेत सांगतो. तुम्ही लिहिता. दिवसभर हेच. तांब्याच्या कांड्या एकमेकींवर पडल्या की होणारा खणखणाट रात्री झोपेतही कानात चालू राहतो. पुढच्या शतकात कावाहारा केइगा नावाचा नागासाकीचा चित्रकार देजिमाची चित्रं काढेल, त्यात तराजू आवर्जून असतील. त्यानं बरोबर हेरलं, असं मला वाटतं. दरबारचे नजराणे वर्षातून एकदा. तराजू मात्र रोज, आणि दोन्ही बाजूंची माणसं त्याच्या काट्याकडे एकाच वेळी डोळे लावून बसलेली.

मघाच्या त्या दुभाष्याकडे वळू या, कारण या सगळ्या व्यवहाराचा कणा तो आहे. दुभाष्यांची घराणीच आहेत इथे. बाप, मुलगा, नातू. दहाबारा वर्षांचा पोरगा उमेदवार म्हणून बेटावर येऊ लागतो आणि म्हातारा होईपर्यंत तुमच्यासारखे किती कारकून आले-गेले ते पाहतो. तुम्ही एक वर्ष राहाल, दोन वर्षं राहाल. त्याचं मात्र अख्खं आयुष्य तुमच्या भाषेत गेलंय, तुमचा देश त्याने कधीही पाहिलेला नसताना, आणि पाहण्याची शक्यताही नसताना. जपान्याने देश सोडायचा नाही, असा कायदा आहे.

यांतले ज्येष्ठ योशिओ कोग्यू तुम्हाला भेटतीलच. ते दुभाषी आहेत, शिवाय वैद्य. गावातल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर वलंदेजी थाटाची खोली आहे, टेबल-खुर्च्यांसकट. जहाज आलं की पहिलं काम त्यांच्याच मंडळींचं: कप्तानाकडून जगाची खबर घ्यायची, ती जपानीत लिहायची आणि एदोला धाडायची. युरोपात कोण गादीवर बसलं, कुठे लढाई पेटली, हे शोगुनला, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाला, कळतं ते असं, निदान नऊदहा महिने शिळं होऊन, डांबराचा वास घेऊन आलेलं. कागदावर ब्रश सरसरत असतो, आणि दुभाषी मधेच थांबून तुम्हाला विचारतो, ‘हे तुम्ही खरंच सांगताय ना?’ एका चुकीच्या शब्दाची किंमत त्याला मोजावी लागेल, तुम्हाला नाही. म्हणून तो तीनदा विचारतो. तुम्हीही तीनदा उत्तर द्या, न चिडता.

त्याला देण्यासाठी खिशात काय ठेवाल? साखरेची पुडी. दुभाषी, बेटाचे अंमलदार, मारुयामातल्या बायका, सगळ्यांना साखर भेट मिळते. तीच पुढे गावात विकली जाते, डोंगरावरून सागाकडे, कोकुराकडे जाणाऱ्या रस्त्याने पसरते, आणि त्या रस्त्यावरची गावं गोड पदार्थांसाठी नावाजली जातात.

पानगळीत जहाज तांबं भरून निघून जातं. तो दिवस वाईट. काल दोनशे पावलं हिंडायला जागा नव्हती, आज बेटावर तुम्ही डझनभर युरोपीय आणि वाऱ्याने आपटणारं एक दार. घरं कागदी सरकत्या दारांची. थंडी थेट हाडांत शिरते. कोळशाच्या शेगडीवर हात शेकता, पाठ गारच राहते. जेवण खाली होतं आणि वर आणून वाढतं कोण? जावा-बालीकडून आणलेले गुलाम. ते तुमच्या आधी उठतात, पाणी तापवतात, कोट झटकतात. त्यांची नावं कंपनीच्या वहीत मालासारखी येतात. जपानी चित्रांत मात्र ते छत्री धरलेले, थाळी घेतलेले हटकून दिसतात. या बेटावर दोन देश भेटतात असं म्हणताना या तिसऱ्या माणसाला विसरू नका. तोही समुद्र ओलांडून आलाय, आणि त्याला परतीचं जहाज नाही.

वेळ घालवायचा तर डॉक्टरांच्या मागे मागे फिरा. यंदाचे डॉक्टर कार्ल पेटर थुनबर्ग. खरं तर स्वीडिश, पण इथे वलंदेज म्हणून खपलेत. झाडाझुडपांचा नाद. बेटाबाहेर जायची बंदी, मग करणार काय? बेटावरच्या गायी-शेळ्यांसाठी गावातून रोज चारा येतो. भारा सुटला की थुनबर्ग गुडघ्यांवर बसतात आणि शेळीच्या तोंडातून एकेक पान वाचवू लागतात. ओल्या गवताचा वास, शेळीची धडक, आणि डॉक्टरांचा आनंदाने फुललेला चेहरा. याच पानांतून पुढे 1784 साली त्यांचा जपानी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ निघेल. दुभाषी त्यांना गुपचूप रोपं आणून देतात. ते दुभाष्यांना गरमीच्या रोगावर पाऱ्याचं औषध कसं द्यायचं ते शिकवतात. या देवघेवीची नोंद कंपनीच्या कुठल्याच वहीत होत नाही.

मार्चमध्ये बेटाचा दरवाजा उघडतो. वखारीच्या मुख्याने, ज्याला जपानी ‘कापितान’ म्हणतात, एदोला जाऊन शोगुनसमोर डोकं टेकवायचं, ही व्यापाराची अट. युरोपीय फक्त तिघं: कापितान, डॉक्टर आणि कारकून, म्हणजे तुम्ही. भोवती जवळपास दोनशे जपानी. पालखीत मांडी घालून बसा. पहिल्या तासात पायाला मुंग्या येतात, तिसऱ्या तासात पाय आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं. पुढे माणसांच्या खांद्यांवर तुमच्या खुर्च्या, तुमची कॉफी, तुमचं चीज, तुमची तांबडी दारू.

मधला समुद्र होडीने पार करून ओसाका, क्योतो, आणि मग तोकाइदोचा रस्ता. झाडलेला, पाणी शिंपडलेला, दोन्हीकडे झाडं. घोड्यांच्या पायांनाही गवताच्या चपला! पण रस्त्याकडेला जमिनीत पुरलेल्या खताच्या रांजणांचा भपकारा असा येतो की पालखीचा पडदा ओढून घ्यावासा वाटतो. थोडं पुढे गेलं की त्याच खतावर पोसलेली हिरवीगार, गवताची एक काडीही नसलेली शेतं. गावागावांतून पोरं ओरडत पालखीमागे धावतात. तुमचं नाक, तुमचे डोळे, तुमचे बूट यांवर मोठ्याने चर्चा होते. हाकोनेच्या चढावर थुनबर्ग पालखीतून उडी मारतात आणि झाडीत घुसतात. मागून पहारेकरी धापा टाकत पळतात.

एदोच्या किल्ल्यातली भेट सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत छोटी. तुम्ही आणि डॉक्टर बाहेरच्या दालनात तासन् तास वाट पाहता. सरदारांचे नोकर तुमच्याकडून पंख्यांवर वलंदेजी अक्षरं लिहून घेतात. आत कापितानाने वाकून कपाळ चटईला टेकवलं, नजराण्याचं कापड मांडलं गेलं, संपलं. नशीब समजा की तुम्ही केम्पफरच्या वेळी आला नाहीत. तेव्हा शोगुन त्सुनायोशी पडद्याआड बसून या मंडळींना चालायला, नाचायला, गायला, दारू प्यायल्याचं सोंग करायला लावायचा. केम्पफरने दरबारात प्रेमगीतसुद्धा गायलं.

माझ्या लेखी खरी भेट किल्ल्यात होत नाही. ती होते नागासाकिया नावाच्या सरायीत, जिथे तुम्हाला उतरवलंय. रात्र पडते. दिव्याच्या तेलाचा धूर, बारीक चिलमींचा तंबाखू, ओल्या शाईचा वास. दोन जपानी वैद्य आत येतात. कात्सुरागावा होशू, पंचविशीचा तरुण, शोगुनच्या वैद्यांच्या घराण्यातला. आणि नाकागावा जुनआन, सदतीस-अडतीसचा. पाच वर्षांपूर्वी याच सरायीतून नाकागावाने शरीररचनेवरचं एक वलंदेजी पुस्तक सुगिता गेनपाकू या वैद्याला नेऊन दाखवलं. त्यांनी एका प्रेताची चिरफाड पाहिली, पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिली, आणि चित्रं तंतोतंत जुळली. तेव्हा या वैद्यांना भाषा जेमतेम येत होती. तरी एकेका ओळीशी झगडत त्यांनी त्या पुस्तकाचं भाषांतर पुरं केलं. ‘काइताई शिन्शो’ छापून दोनच वर्षं झालीत, आणि त्याची प्रस्तावना लिहिलीय आपल्या योशिओ कोग्यू यांनी.

ते आता थुनबर्गांसमोर बसलेत, आणि प्रश्न संपत नाहीत. या झाडाला लॅटिनमध्ये काय म्हणतात? ही गाठ कशी कापायची? दुभाषी मधे बसलाय, मानेवरून घाम ओघळतोय, आणि हळूहळू त्याची गरजच कमी होऊ लागते. कारण वैद्य स्वतःच तुटक्या वलंदेजीत विचारतायत. वाळकी पानं चटईवर पसरतात, कोणाचा तरी चहाचा पेला लवंडतो, सगळे एकदम कागद उचलतात आणि हसतात. तुम्ही पेंगुळलेले आहात, पण उठू नका. मेणबत्ती संपली तर दुसरी लावा. किल्ल्यात माणूस कपाळाने चटईला भेटला. इथे चार जण एका वाळक्या पानावर डोकी घासतायत.

परतीच्या वाटेवर ओसाकात तांब्याची भट्टी दाखवतात. ती चुकवू नका. भट्टीपाशी उभं राहिलं की भुवया करपल्याचा वास येतो. कारागीर वितळलेलं तांबं कापड घातलेल्या साच्यांत, आणि चक्क पाण्याखाली, ओततात. फसफस होते, वाफ उठते, आणि कांड्या बाहेर येतात त्या ओल्या, गरम, गुलाबाहून लाल. वर्षभर ज्या तुम्ही नुसत्या मोजल्या, त्या हातात घ्यायला पहिल्यांदा मन धजावतं.

वर्ष भरतं. तुम्ही आणि थुनबर्ग त्याच कांड्यांच्या खोक्यांवर बसून बटाव्हियाला पोचता. डॉक्टर पुढे आपल्या पानांसकट युरोपच्या वाटेला लागतील. तुमची नेमणूक सुरतेच्या वखारीत झालीय, आणि खोकी तुमच्याबरोबर. आता सुरतेचा बाजार: धूळ, उंटाचा वास, अत्तर, तळणीचं तेल, चार भाषांतली घासाघीस. खोकं फुटतं. दलाल एक कांडी उचलतो, दगडावर आपटून आवाज ऐकतो, नखाने खरवडतो आणि मान डोलावतो. जपानचं तांबं त्याला नजरेनं ओळखता येतं. पलीकडच्या गल्लीत तांबटांचे हातोडे चालू आहेत, कानठळ्या बसतील असे. दलाल ओरडून भाव विचारतो. वही काढा, तुम्हीही ओरडूनच सांगा.